सोळा अल्बम, पंधरा सामने

कबड्डीच्या स्पर्धेचा असतो तसा तक्ता मराठी गाण्यांच्या अल्बमसाठी काढायचा, हे सांगलीच्या विश्रामबागेत भडंग खाता खाता सुचलं. मतदार म्हणजे आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप. सोळा अल्बम, हरला तो घरी, म्हणजे एकूण पंधरा सामने. रोज रात्री नऊला एक.

डोकेदुखी क्रमवारीची. तगडे सगळे एकाच बाजूला पडले तर फायनल मचूळ होते. म्हणून पहिला विरुद्ध सोळावा, दुसरा विरुद्ध पंधरावा, आणि पहिले दोघे तक्त्याच्या दोन टोकांना. वहीत पेन्सिलीनं आखलं, चारदा खोडलं. कागद फाटला.

पहिल्याच रात्री घोळ. पोलमध्ये एकाहून जास्त उत्तरं देता येतात. ती सोय बंद करायला मी विसरलो. अकरा जणांनी दोन्हीकडं मत टाकलं. काकू वर म्हणतात, "दोन्ही आवडत्यात, मग?" फेरमतदान.

सेमीफायनलला १९७७चा ‘जैत रे जैत’ आणि २०१६चा ‘सैराट’ समोरासमोर. संयोजकानं गप्प बसावं. पण ‘जैत रे जैत’चे संगीतकार हृदयनाथ मंगेशकर आपल्या सांगलीत जन्मले, हे मी मतदानाच्या अर्धा तास आधी सहज टाकलं. (सहज कसलं!) लगेच दाजींचा फोन, "पंचानंच चढाई करायची व्हय रं?"

तरी ‘जैत रे जैत’ तीन मतांनी गेला. पोरांना नाचायला लागतं. फायनल रविवारी आहे आणि पोल आता दाजी टाकणार आहेत.