सिंगापूरहून क्रूझ: बंदरावर उतरल्यावर हातात खरे तास किती?

सिंगापूर–पोर्ट क्लांग–पेनांग–फुकेत–सिंगापूर हा या भागातला नेहमीचा फेरा. माहितीपत्रकात ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ असं छापलेलं असतं आणि लोक दहा तासांचा बेत आखतात. जहाज धक्क्याला लागलं तरी परवानगी मिळून पहिला प्रवासी उतरेपर्यंत पाऊण-एक तास जातो, आणि परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. म्हणजे दहाचे आठच राहिले. त्यातून धक्का ते शहर हे अंतर दोनदा वजा करा, मग बेत आखा.

पोर्ट क्लांगला हे वजाबाकीचं गणित सगळ्यात जास्त दुखतं. कागदावर ‘क्वालालंपूर’ लिहिलेलं असलं, तरी जहाज लागतं पुलाउ इंदाह बेटावर. तिथून शहर साठेक किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, गर्दीच्या वेळी दोन. बाटू केव्ह्ज (डोंगरातल्या गुहेतलं मुरुगन मंदिर), ट्विन टॉवर्स आणि खरेदी असं तिन्ही एका दिवसात कोंबलं की परतताना घड्याळाकडे बघत जीव टांगणीला लागतो. दोनच ठिकाणं धरा आणि बाटू केव्ह्ज आधी उरका: २७२ पायऱ्या उन्हात चढाव्या लागतात. गुडघे झाकलेले हवेत, आणि हातात खाऊची पिशवी नको, माकडं ती हिसकावतात. जानेवारी-फेब्रुवारीत थैपुसम, म्हणजे मुरुगनाचा मोठ्या गर्दीचा तमिळ उत्सव, असेल तर त्या बाजूला फिरकूच नका.

पेनांगचा मामला नेमका उलटा. स्वेटनहॅम धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीचं घड्याळ-मनोरा आणि फोर्ट कॉर्नवॉलिस समोरच. इथे जहाजाची सहल विकत घेणं म्हणजे पैसे वाया. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं जॉर्जटाउन, म्हणजे पेनांगचं जुनं शहर, पायीच बघायचं. सेंट जॉर्ज चर्चपासून मस्जिद कापितान केलिंगच्या रस्त्याने निघा: चिनी दयादेवीचं मंदिर, मागच्या बाजूला लिटल इंडिया आणि तिथलं महामारिअम्मन मंदिर, मग मशीद, पुढे आर्मेनियन स्ट्रीटवरची भित्तिचित्रं आणि खू कोंग्सी हा चिनी कुळाचा वाडा. रमतगमत तीन-साडेतीन तास. दुकानघरांपुढच्या छताखालच्या ओसऱ्या सावलीच्या खऱ्या, पण मध्येच मोटरसायकली आणि टेबलं मांडलेली असतात. मग रस्त्यावर उतरावं लागतं आणि कडेला चांगली खोल, उघडी गटारं असतात. मोबाइलमध्ये डोकं घालून चालू नका.

पेनांग हिलला जायचं तर वेल्ड क्वे जेट्टीच्या बसस्थानकावरून २०४ क्रमांकाची बस. सुटे रिंगिट जवळ ठेवा, चालक सुटे परत देत नाही. जाऊन-येऊन, रांगेसकट, चार तास हाताशी हवेत. शनिवार-रविवारी टेकडीवर नेणाऱ्या फ्युनिक्युलर रेल्वेच्या रांगेतच दिवस संपेल, तेव्हा गावच बरं. शाकाहारी मंडळींनी लिटल इंडियातच जेवावं. बाहेरच्या भाजीच्या सॉसमध्येही कोळंबीची चटणी, म्हणजे बेलाचान, असते आणि आसाम लाक्सा या आंबट नूडल्सचा रस्सा मुळात माशाचाच. चेंडोल मात्र बिनधास्त खा: नारळाचं दूध, ताडगूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया.

फुकेतला बरीच मोठी जहाजं पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. सहलवाल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी मिळते. लवकर उतरायचं असेल तर न्याहारीआधी चिठ्ठी घ्या. परतीची रांग उन्हात असते, म्हणून शेवटच्या बोटीच्या तासभर आधीच किनाऱ्यावर या. बोट हलत असते. गुडघेदुखीवाल्यांनी खलाशाचा हात धरूनच पाय टाकावा. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यामुळे समुद्र खवळलेला असला तर हा थांबा ऐनवेळी रद्दही होतो. त्या महिन्यांत इथल्या खाजगी टॅक्सीचे पैसे आगाऊ भरू नका.

फुकेतचं घड्याळ सिंगापूर-मलेशियाच्या एक तास मागे. जहाज आपली वेळ बदलेल किंवा बदलणार नाही, मोबाइल मात्र आपोआप बदलतो. जहाजाने बदलली नसेल तर जहाजावर पाच वाजलेले असतात आणि हातातला मोबाइल चारच दाखवतो. रोजच्या पत्रकात जहाजाची वेळ बघून साधं मनगटी घड्याळ लावा. समुद्रात मोबाइल विमान मोडवर हवाच. नाहीतर तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात.

उशीर झाला तर? सहल जहाजाची असेल तर ते थांबतं. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर थांबत नाही. म्हणूनच क्वालालंपूरला जहाजाची सहल परवडते. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, त्याचा फोटो काढा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची प्रत खिशात हवी.

कागदपत्रांत ठेच लागते ती सिंगापूरच्या व्हिसाला. फेरा संपवून तुम्ही तिथे दुसऱ्यांदा शिरता, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा आणि एसजी अरायव्हल कार्ड हा आगमनाचा ऑनलाइन अर्जही नव्याने भरावं लागतं. तसंच मलेशियाचं एमडीएसी आणि थायलंडचं टीडीएसी ही डिजिटल आगमन कार्डं, त्यांपैकी काय लागेल ते जहाज कंपनीला विचारा. तिन्ही कार्डं सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत, पैसे मागणारं संकेतस्थळ दलालाचं. भारतीयांसाठीचे व्हिसानियम अलीकडे वरचेवर बदललेत, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

परतताना शेवटचं बंदर मलेशियातलं असेल तर सिंगापुरात दारूवर करसवलत मिळत नाही. सिगारेटवर कुठूनही आलात तरी नाही. सिंगापुरात क्रूझचे धक्के दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचं नाव वाचा. आणि उतरायच्या दिवशीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका.