आजच्या दिवशी तरी

१६ ऑगस्ट, रात्री

काल ग्रामसभेत गावातले वडीलधारे अण्णा म्हणाले, "आजच्या दिवशी तरी राजकारण नको गं, सूनबाई. झेंड्याखाली बसलोय आपण." आवाजसुद्धा चढवला नाही. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. मायेनं बोललेलं उलटवता येत नाही, आणि तेच कालपासून घशात अडकून बसलंय.

काय केलं होतं मी? आयत्या वेळच्या विषयांत उभी राहिले आणि पिशवीतून ती बाटली काढून टेबलावर ठेवली. अंगणवाडीच्या नळाचं पाणी. पाणी तपासायच्या किटमधली एचटूएसची छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दिवसभर ठेवून द्यायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असल्याचा संशय. ही दुसऱ्या दिवशी सकाळी काळीकुट्ट झाली होती. खिडकीत ठेवलेली पाहून सासूबाईंनी विचारलं, कसलं औषध गं हे? पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर आहे का, तेही ओटीचे थेंब टाकून पाहिलं. नळीतलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते नितळच राहिलं. नितळ पाणी बघून भीती वाटावी, हे प्रशिक्षणाला जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

विचारलं एवढंच, की टीसीएल रोज पडते का, साठा किती शिल्लक आहे आणि त्याचं रजिस्टर कुठे आहे. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सरपंचबाईंकडे पाहिलं, सरपंचबाईंनी दाराकडे. दाराशी कोण उभं होतं ते लिहायला नको. मग अण्णा बोलले आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी आभार मानले. बाटली मी पुन्हा कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. प्रोसिडिंगमध्ये तिच्याबद्दल एक ओळ तरी आली असेल का, शंकाच आहे.

आणि बायका! ज्या परवा नळावर माझ्याशी तावातावाने बोलत होत्या, त्या काल भिंतीला टेकून हाताची घडी, तोंडावर बोट. त्यांच्यातल्या एकीचं लेकरू जुलैत जुलाबाने सलाईनवर होतं. एक तरी म्हणाली असती, "खरंय ती म्हणते ते." एवढ्या गर्दीत मी एकटीच उभी होते, पदर सावरत, आणि बसावं कसं तेही कळेना. गावाची उठाठेव मीच का करायची? माझ्या घरी फिल्टर आहे. घरी आल्यावर हे म्हणाले, "सोड ना." सोडायला काय, सोडलंही असतं. पण ते "आजच्या दिवशी तरी" काही सुटत नाही.

कारण दिवस मी नाही निवडला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा याच दिवसांना ठेवायची रीत आहे. झेंडावंदन झालं की त्याच अंगणात सतरंजी पडते. ज्यांनी ही रीत घातली त्यांना काहीतरी म्हणायचं असणार. झेंड्याला सलाम करून लगेच बसायचं आणि गावाचा हिशेब मांडायचा. ज्या दिवशी राज्य आपलं झालं, त्याच दिवशी त्याचा जमाखर्चही आपणच पाहायचा. मग त्या दिवशी प्रश्न विचारला तर झेंड्याचा मान कुठे कमी होतो? मला तर उलटं वाटतं. झेंडावंदनालाच हजेरीचं रजिस्टर फिरवायचं, सह्या घ्यायच्या, मतदारांतले १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी तो भरला की कोरम झाला म्हणायचं आणि सभा मोजक्या माणसांत उरकायची, यानं मान कमी होतो.

आणि हा नळ तरी आमच्या दारात कुठल्या दिवसामुळे आला? जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ लाच झाली होती, लाल किल्ल्यावरून. प्रत्येक घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर, तेही पिण्याजोगं. दिल्लीत झेंड्याखाली पाण्याबद्दल बोललं तर ते देशाचं काम, आणि आमच्या अंगणात झेंड्याखाली पाण्याबद्दल बोललं तर ते राजकारण, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

अण्णांचंच जास्त लागलं, कारण सकाळचं भाषण त्यांचं होतं. दरवर्षी त्यांचंच असतं आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो. प्रतिसरकारचं ठाणं असलेलं कुंडल इथून लांब नाही. प्रतिसरकारच्या गोष्टी इथे पुस्तकातून कळत नाहीत, घरातच ऐकायला मिळतात. अण्णांचे वडील प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. पंचायतीसमोरच्या दगडावर त्यांचं नाव आहे. १९४३ पासून १९४६ पर्यंत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या या पट्ट्यात इंग्रजांच्या कचेरीला न विचारता गावं चालली, ती काय फक्त घोषणांवर? न्यायदान मंडळं बसत. सावकाराने कोणाचं शेत गिळलंय, कोणी बांध रेटलाय, कोणी नांदवत नाही, हे सगळं माणसांच्या देखत बोललं जायचं. काल सकाळी अण्णांनीच सांगितलं की त्यांच्या वडिलांनी भर बैठकीत स्वतःच्या चुलत्याविरुद्ध साक्ष दिली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर तासाभरात मी उभी राहिले.

हे लिहिताना पुन्हा डोळ्यांत पाणी येतंय. त्यांना दुखवायचं नव्हतं मला.

आता शांत डोक्यानं बघते. अण्णांना कशाची भीती वाटली असेल? गेल्या निवडणुकीनंतर गावात जे झालं ते त्यांनीच मिटवलं होतं. दोन आळ्या एकमेकांच्या मयताला जात नव्हत्या. वर्षातून एकदा सगळे एका दोरीखाली उभे राहतात, तेवढा तरी दिवस फुटू नये असं त्यांना वाटलं असेल, तर ते खोटं नाही. पण एकोपा टिकवायला गप्प बसायचं असेल तर बसणार कोण? ज्याच्या घरी फिल्टर नाही तोच ना? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्यांबद्दल किती कडक शब्द वापरले होते. लहानपणी मला ते जास्त वाटायचे. काल कोण खुर्चीवर होतं, कोण सतरंजीवर आणि कोण थेट कुंपणापाशी, हे बघताना मला ते आठवले. तिकडच्या वस्तीत तर अजून जुनीच पाइपलाइन आहे. त्याबद्दल आज नाही लिहीत, ते स्वतंत्र लिहायला हवं.

तरीही ही सभा मला सोडवत नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभेला थेट संविधानात जागा मिळाली. आमदार-खासदार निवडून देतो तेव्हा आपल्या वतीनं बोलायला दुसरं कोणीतरी जातं. ग्रामसभेत मी स्वतः सभासद आहे, मतदार यादीत नाव आहे म्हणून. तिकडे गडचिरोलीत मेंढा लेखा गावच्या माणसांनी याच ग्रामसभेच्या बळावर २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्यांच्याकडे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायची पद्धत आहे. त्यांनी किती वेळा ऐकून घेतलं असेल की आज नको, नंतर बघू! मला एकदाच ऐकावं लागलं आणि मी रात्रभर कूस बदलतेय.

बायका गप्प बसल्या त्याचा रागही उतरलाय आता. पुरुषांच्या सभेत उठून बोलायचं म्हणजे नंतर घरी काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे. म्हणून तर कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. आमच्याकडे ती कागदावर होते. अजेंड्यावर सह्या घ्यायला शिपाई घरोघर येतो. ती खरोखर झाली असती तर पाण्याचा विषय सगळ्यांचा म्हणून पुढे आला असता, आणि मला पिशवीत बाटली घेऊन एकटीनं उभं राहावं लागलं नसतं.

मघाशी बसून अर्ज लिहिला. टीसीएलचा साठा आणि रोजची नोंद फलकावर लावावी, टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगवावी, अंगणवाडीच्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, आणि २ ऑक्टोबरच्या सभेत हा विषय आयत्या वेळचा न ठेवता आधीच अजेंड्यावर घ्यावा. सूचक म्हणून माझं नाव घातलंय. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवलीय. अण्णांकडे जाणार आहे मी, त्यांच्याच ओट्यावर बसून वाचून दाखवीन. सही करतील न करतील, पण माझ्या मनात त्यांच्याविषयी अढी नाही हे तरी त्यांना कळेल. उद्या अर्ज आवक रजिस्टरला चढवून, शिक्क्याची पोच हातात घेऊनच घरी यायचं.

महिला सभेचं मात्र अजून जमत नाहीये. २ ऑक्टोबरच्या आदल्या दिवशी मागितली तर सोयाबीनची काढणी ऐन भरात असेल, दुपारी कोणी घरी सापडणार नाही. संध्याकाळी सातनंतर मागावी, तर धारा आणि स्वयंपाक. शेजारच्या वहिनी म्हणतात, साडेआठला ठेव, भाकरी करून येतो आम्ही, पण समाजमंदिरातला दिवा आधी बसवून घे. दिव्याचं अर्जात घालायचं राहिलंय.