'बंधाऱ्या'तला ऱ

पावसाळ्यात आम्हा कोल्हापूरकरांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पुराच्या बातम्यांतून ठिकाण आणि पातळी आपोआप वेचणारी व्यवस्था मी राजारामपुरीत बसून बांधतोय. शब्द तोडणारं एक सॉफ्टवेअर, ठिकाणं ओळखणारं दुसरं. सुटी दोन्ही उत्तम चालतात. जोडली की ठिकाणाची खूण (नाव कितव्या चिन्हापासून कितव्यापर्यंत आहे तो आकडा) एका घराने सरकते.

कारण 'ऱ'. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन चिन्हं. पडद्यावर सारखंच दिसतं, पण 'बंधाऱ्यावर' एकीकडे 10 चिन्हांचा आणि दुसरीकडे 11. पुढची प्रत्येक खूण चुकते. यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची पद्धत, देवनागरीच्या एका चिन्हाला 3 बाइट) चे बाइट मोजणाऱ्या घटकाला तर 10 चिन्हांचा तोच शब्द 30 चा!

म्हणून मजकूर आत येतानाच एनएफसी रूपात (अशी जोडी एकाच चिन्हात आणणारं युनिकोडचं ठरलेलं रूप) आणायचा, मग त्याला कुणीही हात लावायचा नाही. (अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेला 'र्‍या' एनएफसी जुळवत नाही, त्याला वेगळा नियम लागतो.) खुणा मजकुराबाहेर, वेगळ्या थरात. मजकुराचं विश्लेषण करणारे घटक जोडायची युआयएमए ही चौकट याच तत्त्वावर उभी आहे, 2009 मध्ये ती ओअॅसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली.

त्याहून अवघड प्रश्न: 'बंधाऱ्यावर' एक शब्द की 'बंधारा' आणि 'वर'? कॉनएल-यू या शब्दागणिक ओळ लिहायच्या फाइल-मांडणीत अखंड शब्द आणि तुकडे दोन्ही ठेवता येतात, म्हणून दोन घटकांमधली देवाणघेवाण मी त्यातच करतो. मराठी साधनं बनवणाऱ्या प्रत्येकाने आपण शब्द कुठे तोडतो ते लिहून ठेवावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 'पायऱ्यांवरून' माझ्याकडे अजून अडतोय.