तुम्ही विचारलंत म्हणून: बडोद्यात बसून नार्वाचं काय?

"बडोद्यात बसून एस्टोनियाचं काय घेऊन बसलात?" दांडिया बाजारातली मित्रमंडळी मला हे नेहमी विचारतात. भाचा तर हटकून म्हणतो, "मामा, त्या देशाची वस्ती चौदा लाखसुद्धा नाही. आपलं बडोदं त्याहून मोठं!"

विचारलंत म्हणून सांगतो, पण सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. ते इथल्या एका कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. साच्याच्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते ओळखायचे. गिरणी बंद पडली आणि पुढची अकरा वर्षं त्यांनी एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून काढली. पैशाची ओढाताण आम्ही सोसली. त्या हातांत काठी बघणं मात्र मला कधीच सोसलं नाही.

म्हणून नार्वाबद्दल वाचताना मी थबकलो. एस्टोनियाच्या पूर्व टोकाला, रशियाच्या हद्दीवरचं हे शहर. तिथली क्रेनहोम ही कापडगिरणी १८५७ मध्ये सुरू झाली, २०१० मध्ये संपली. त्या भागाचा दुसरा आधार ऑइल शेल, म्हणजे खाणीतून काढलेला, जळणारा तेलकट दगड. देशाची बहुतेक वीज सोव्हिएत काळापासून त्याच्यावर बनायची. २०१९ मध्ये युरोपात कार्बन सोडण्याचे परवाने महागले आणि शेलची वीज एका वर्षात निम्म्याच्या आसपास आली. २०३५ पर्यंत ती पूर्ण थांबवायची, असं पुढे तिथल्या सरकारने ठरवलं.

मग शेलच्या जागी काय? बॅटरी, सोलर, हायड्रोजन, सगळ्यांवर पैसा ओतणं छोट्या देशाला झेपत नाही. त्याला आपल्याकडे आधीपासून काय येतं ते बघावं लागतं. नार्वाजवळ सिल्लामाए इथे सोव्हिएत काळात युरेनियमचा गुप्त कारखाना होता. त्याच जागी पुढे रेअर अर्थ धातू वेगळे करायचं किचकट काम सुरू झालं, ते आजही चालतं. या धातूंचे चुंबक इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरीत आणि पवनचक्कीत लागतात. हरित उद्योगाच्या साखळीतली तेवढी एक कडी त्यांनी धरली. शेलवर जगणाऱ्या त्या भागासाठी युरोपीय संघाने ३५.४ कोटी युरो मंजूर केले. त्यातले १.८७ कोटी नार्वातल्या चुंबकाच्या कारखान्याला मिळाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो उघडला.

बडोदेकराला यात परकं काय आहे? आपलं संस्थान तरी कुठे मोठं होतं! सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, कापडाचं रंगकाम आणि यंत्रकाम शिकवायला. आधी हात तयार केले. तिथले पहिले प्राचार्य गज्जर, त्यांच्याबरोबर कोटिभास्कर आणि अमीन, यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक ही आजची औषध कंपनी सुरू केली. मध्ये सतरा वर्षं गेली. एवढा धीर आज कुठलं सरकार धरेल, याची मला शंका आहे.

नार्वाच्या कारखान्यात खाणीतल्या सगळ्यांची सोय लागणार नाही, हे उघड आहे. माझा जीव तिथेच अडकतो. हरित उद्योगाला अनुदान देताना पहिल्याच पानावर लिहायला हवं की जुन्या कामगारांपैकी कुणाला शिकवणार, किती महिने, आणि तोवर त्यांचा पगार कोण देणार. "पन्नाशीच्या माणसाला आता काय शिकवायचं?" असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी एक प्रसंग सांगतो.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर, तार गुंडाळायच्या कामावर होतो. एकदा मालकांना विचारून वडिलांना आमचं खातं दाखवायला नेलं. सहा यंत्रं चालू होती. ते मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "ते तिसरं बघ रे. तार सैल सुटतेय."

मी जाऊन बघितलं. खरंच सुटत होती.