उसिक की अली?

आज गंगापूर रोडला मिसळ खाताना काकांशी चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं ठाम: मोहम्मद अलीनंतर हेवीवेट (सर्वांत जड वजनगटाचं) बॉक्सिंग संपलं. मला हे अजिबात पटत नाही.

आजचा हेवीवेट बॉक्सर ओलेक्झांडर उसिक सहा फूट तीन इंच, म्हणजे अलीएवढाच. पण अलीसमोरचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर सहा फुटांच्या आतला, आणि उसिकसमोर टायसन फ्युरी, सहा फूट नऊ इंच! मे २०२४ मध्ये रियाधला नवव्या फेरीत उसिकने त्याला असा हाणला की दोरांनीच सावरलं. १९९९ मध्ये लेनॉक्स लुईसने मिळवलेला निर्विवाद विजेतेपदाचा (सगळे किताब एकाकडे) मान इतक्या वर्षांनी पुन्हा एका माणसाकडे आला.

काकांचा एक मुद्दा मात्र मानला. जुन्या काळच्या चॅम्पियन ‘जो लुईस’ने २५ वेळा किताब राखला, आणि तेव्हा लढती १५ फेऱ्यांच्या, आता १२. १९७५ ला मनिलात अली-फ्रेझर त्या उकाड्यात १४ फेऱ्या झुंजले. तो दम आज कुणाला दाखवावाच लागत नाही.

जुना चॅम्पियन रॉकी मार्सियानोचे ४९-० (४९ विजय, एकही पराभव नाही) मी या तुलनेत धरत नाही. जेमतेम ८५ किलोचा गडी, आज क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात गेला असता.

पायांच्या चपळाईत या वजनाच्या आजच्या बॉक्सरांमध्ये उसिकच अलीच्या सर्वांत जवळचा. अलीवाल्यांनो, तुम्ही बोला.