मारुती ८०० ची चार्जिंग तक्रार आणि अर्थिंगची वायर

आमच्या घरी १९९६ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे आणि नाशिकमधील रोजच्या फेऱ्यांसाठी ती आजही वापरात आहे. मागच्या पावसाळ्यात सकाळी स्टार्टर मंद फिरू लागला आणि रात्री गंगापूर रोडवर सिग्नलला थांबले की हेडलाइटचा उजेड उतरू लागला. डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवा मात्र इंजिन सुरू होताच नेहमीप्रमाणे विझत असे. एका गॅरेजात बॅटरी ठीक असल्याचे, पण अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलावा लागेल असे सांगण्यात आले. मोजमाप केल्याशिवाय एवढा खर्च करणे मला पटले नाही, म्हणून मी ओळखीच्या वायरमन काकांकडे मल्टिमीटर घेऊन गेलो.

रात्रभर चार्ज करून ठेवलेल्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरीइतका भरला. इंजिनाचा वेग थोडा वाढवून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून पाहिले तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर १३ व्होल्ट दिसले, जेथे साधारण १३.८ ते १४.४ अपेक्षित असतात. येथवर गॅरेजचे म्हणणे खरे वाटावे अशीच स्थिती होती. काकांनी मात्र मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी त्याच्याच बॉडीवर ठेवायला सांगितली, आणि तेथे १४.१ व्होल्ट मिळाले. ‘अहो, डायनॅमो तर पुरेपूर देतोय, मधल्या वाटेवर कोण खातंय ते बघा,’ असे ते अल्टरनेटरलाच डायनॅमो म्हणत म्हणाले.

पुढची चाचणी मला संपूर्ण तपासणीत सर्वांत मोलाची वाटते. हेडलाइट, ब्लोअर असा सर्व लोड चालू ठेवून अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतचा फरक मोजला, तो ०.२ व्होल्ट, म्हणजे चालण्याजोगा होता. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मात्र ०.९ व्होल्ट आले, आणि निरोगी गाडीत हा आकडा ०.१ च्या आसपास असावा लागतो. स्टार्टरचा मोठा प्रवाहही इंजिनाकडून याच वाटेने बॅटरीकडे परततो, त्यामुळे मंद स्टार्टर आणि अपुरे चार्जिंग या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले. लाल दिव्याने काही सांगितले नाही याचेही कारण यातच आहे, कारण तो दिवा अल्टरनेटर वीज तयार करतो की नाही एवढेच दाखवतो. ती बॅटरीपर्यंत किती पोहोचते, हे त्याला कळत नाही.

ही परतीची वाट म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून येऊन गिअरबॉक्सला जोडलेली अर्थिंगची वायर. ती सोडवली तेव्हा थिंबलखाली (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीखाली) हिरवट गंज होता आणि आतील तांब्याच्या बऱ्याच तारा तुटलेल्या होत्या. काकांनी तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या वायरला दोन्ही बाजूंनी थिंबल दाबून नवीन वायर तयार केली, बसण्याची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासली आणि बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. त्याच लोडवर मायनस बाजूचा फरक ०.०५ व्होल्टवर आला आणि बॅटरीवर १३.९ व्होल्ट दिसू लागले.

अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टचा ताण आम्ही बोटाने दाबून पाहिला, तो ठीक होता. गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा प्रवाहही मोजला. तो ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे ५० च्या सर्वसाधारण मर्यादेच्या आत होता.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून गाडी बंद पडते का हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही काही ठिकाणी वापरली जाते. जुन्या डायनॅमोच्या काळात ती खपून जात असे, परंतु अल्टरनेटरमध्ये बॅटरी अचानक सुटली की दाब एकदम उसळतो आणि त्यातील डायोड किंवा कटआउट (दाब नियंत्रित करणारा भाग) जळू शकतो. मल्टिमीटर हाताशी असताना चांगला अल्टरनेटर असा धोक्यात घालण्याची मुळीच गरज नाही.