महिन्याला सव्वा सेंटिमीटर

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या कुठल्याही पार्लरमध्ये डोकावा, टेकायला जागा मिळायची नाही. डोक्याला काळपट लेप, वर फुगलेली प्लास्टिकची टोपी, कपाळाला आणि कानांच्या पाळ्यांना व्हॅसलीनचा चकचकीत थर, अशा बायका ओळीनं बसलेल्या असतात. त्यात बँकेतल्या साहेब असतात, शाळेतल्या बाई असतात, नुकतीच सासू झालेली एखादी असते. मानेवर ओघळ येऊ नये म्हणून सगळ्याजणी ताठ. अंबाबाईच्या पालखीला, ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर, भावाकडच्या गोंधळाला जायचं ते काळंभोर होऊनच. नवरात्रात डोक्याला काही लावायचं नाही असं पुष्कळ घरांत पाळतात, म्हणून सगळी झुंबड आधी.

रंग लावण्याचं पंचांगच वेगळं असतं. गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई, मध्येच संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं. त्यात घरोघरचे न्हायचे वार. अमावास्या नको, एकादशी नको, सोमवारी अमक्याचं काही असतं, शनिवारी तमक्याचं. हे सगळं वजा जाता जो एक रविवार उरतो, त्या दिवशी नळाला पाणी नसतं.

चाळिशी उलटली की लावायचा का सोडायचा, यावर प्रत्येकीला मत द्यावंच लागतं. 'वय लपवायचं कशाला?' म्हणणारी एक बाजू आणि 'नीटनेटकं राहिलं तर बिघडलं कुठं?' म्हणणारी दुसरी. दोन्हीकडच्या बायका एवढ्या हिरिरीनं भांडतात, की वाटावं यावर निवडणूक लागली आहे. मला विचाराल तर यात तत्त्व थोडं आणि हिशेब फार. आणि तो हिशेब केसांच्या लांबीचा.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणून रंगवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भांगात पांढरी रेघ उमटते आणि बाई भांग इकडचा तिकडे पाडायला लागते. आता हाच हिशेब उलटा मांडा. बॉयकट असलेल्या बाईनं रंग सोडला तर सहा-आठ महिन्यांत सुटली. खांद्यापर्यंतचे केस, तीसेक सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं. आणि कमरेपर्यंतची वेणी? ६० सेंटिमीटर धरा. भागिले सव्वा, ४८ महिने. चार वर्षं! तेवढ्यात पोरगं इंजिनिअर होऊन बाहेर पडतं.

तेव्हा 'काळे की पांढरे' ही चर्चाच मुळात फसवी. राहायचं असतं ते मधल्या काळात. वर पांढरं, खाली उडत चाललेलं विटकरी, शेंड्याला कुठल्या तरी जुन्या रंगाचं काळं. कापून टाका म्हणतात. पण ज्या बाईनं पन्नास वर्षं वेणी सांभाळली, तिला केस कापायला सांगणं हा आणखी मोठा निर्णय झाला. एकाच्या बदल्यात दुसरा कशाला गळ्यात घालून घ्यायचा?

मी शेवटचा रंग लावला तो चुलत दिरांच्या मुलाच्या लग्नात. पुढं कधी कंटाळा, कधी पाहुणे, असं करत तो राहिला तो राहिलाच. वेणी अजून तीच आहे. आता ती पुढं घेतली की त्यात ते लग्न दिसतं. खांद्याच्या खाली, जिथं पांढरं संपून विटकरी सुरू होतं, तिथं हळदीचा दिवस आहे. त्याच्यावर चार बोटं, त्या दोघांचं पहिलं भांडण. सून गडहिंग्लजला माहेरी जाऊन बसली होती आणि दीर दर दोन दिवसांनी बटाटेवडे घेऊन समजूत घालायला जात होते. अजून वर डोहाळजेवण. अगदी टाळूजवळ बारसं. ते बाळ आता बसायला लागलंय. मांडीवर घेतलं की वेणीचा शेंडा मुठीत धरून तोंडात घालतं. त्याच्या तोंडात जातात ते केस त्याच्या आईबापांची ओळख व्हायच्याही आधीचे आहेत, हे त्याला कोण सांगणार?

कोल्हापुरात मनातलं मनात ठेवायची पद्धत नाही. पुण्यात म्हणे 'ग्रेसफुल दिसताय हं' म्हणतात आणि पाठीमागं बोलतात. आमच्याकडं लक्ष्मीपुरीच्या मंडईत, कोथिंबिरीची पेंडी निवडता निवडता, समोरून प्रश्न येतो, "वैनी, बरं न्हाई काय?" बाईचे केस एकदम पांढरे दिसले की लोकांना पहिली शंका आजाराची. दुसरी घरच्या कटकटीची. तिसरी विचारत नाहीत, पण तोंडावर दिसते: ह्यांचं दुकान बरं चाललंय नव्हं?

आमच्या ह्यांचे कल्ले माझ्या आधी पांढरे झाले. त्यांना कुणी तब्येत विचारली नाही. उलट बोलण्यात वजन आलं, लोक त्यांना मध्यस्थीला बोलवायला लागले. 'केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत,' असं ते सुनावतात तेव्हा समोरचा गप्प बसतो. तेच मी म्हणून बघितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "मग कशानं झाले? थायरॉइड तपासलंस का?" बरं, तो प्रश्न अगदीच वेडा नव्हता. वयाच्या फार आधी केस पिकायला लागले तर थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्यावं, असं डॉक्टरही सांगतात. माझं वय मात्र जे व्हायला पाहिजे तेवढंच झालेलं आहे.

पुरुषांचा सगळा जीव मिशीत. डोकं पिकलं तर चालतं, मिशी पिकलेली चालत नाही. कटिंगच्या दुकानात खुर्चीत मान मागं टाकून, नाकाखाली काळा लेप लावून, पेपर वरती धरून बसलेला पैलवानी देहाचा गृहस्थ ज्यानं बघितला नाही, त्यानं कोल्हापूर बघितलं नाही.

बाईच्या केसांवर मत देण्याचा हक्क मात्र सगळ्यांना जन्मजात. नवरा गेला की डोक्यावर केस ठेवायचेच नाहीत, असं ठरवणारेही लोकच होते. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, तेव्हा त्या वस्तऱ्याच्या धंद्यातल्या लोकांना जे कळलं, ते मंडईतल्या माझ्या हितचिंतकांना कळायला अजून वेळ आहे. इंदिरा गांधींच्या काळ्या केसांतून मागं गेलेला पांढरा पट्टा मात्र सगळ्या देशानं मुकाट मान्य केला. पण त्यासाठी आधी पंतप्रधान व्हावं लागतं.

पांढऱ्याचे फायदेही आहेत. गुजरीत सराफाकडं गेलं की तो हलकी फॅशनची कानातली काढून दाखवत नाही, थेट पाटल्या नाहीतर साज काढतो. घ्यायचं काही नसलं तरी बघायला बरं वाटतं. आणि एप्रिलात कांदा-लसूण चटणीचं कांडप करायला गेले होते, तिथली गंमत. डंकाजवळ ठसका लागतो म्हणून पदर नाकाला लावला, तो डोक्यावरून सरकला. घरी आले तर पुढच्या पांढऱ्या बटा तिखटानं लालसर. शेजारीण फाटकातच थबकली, "हायलाइट केलासा व्हय?"

एवढं सगळं असून रविवारी सकाळी माझे हात रंगलेलेच असतात. कारण घरात सासूबाई आहेत. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे दुखतात, कानाला कमी येतं, आणि केस काळे कुळकुळीत. मी रंग सोडला तेव्हा त्यांना म्हणाले, "आत्या, तुम्ही पण सोडा आता. आराम तरी मिळेल." त्यांनी जपमाळ खाली ठेवली.

"तुला पांढरं व्हायचं तर हो बाई. मला कशाला वढतीस? आरशात बघितलं की मला माझी सासू दिसत्या. सकाळी सकाळी तिचं तोंड बघू व्हय मी?"

यावर बोलायला काही उरलं नाही.

पूर्वी त्या मेंदी लावायच्या. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली, चहाचं पाणी घातलेली, वर आवळकाठीची पूड. लोखंड आणि आवळा मिळून मेंदीला गडद करतात, पण ते निम्मे केस काळे असेपर्यंत. मेंदीतला जो रंग केसाला धरतो तो मुळात नारिंगी. डोकं पूर्ण पिकलं तसा आत्यांचा अंबाडा भगवा दिसायला लागला. मग त्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून 'काळी मेंदी' नावाची पुडी आणली. रंग झकास चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या सुजून डोळे मिटलेले, कपाळावर पुरळ.

त्वचेच्या डॉक्टरांनी पुडी मागवून घेतली आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. पीपीडी. लांबलचक नाव आहे, पॅराफेनिलिनडायअमिन, पण पक्क्या काळ्या रंगांत बहुतेक ठिकाणी हेच असतं. पेरॉक्साइडबरोबर मिसळलं की त्याचे छोटे कण केसात शिरतात आणि आत गेल्यावर जुळून एवढे मोठे होतात, की धुतलं तरी बाहेर पडत नाहीत. एकदा का कुणाला त्याची ॲलर्जी झाली, की ती सहसा जन्माची. मेंदी म्हणून विकलं जाणारं सगळंच मेंदी नसतं. लावायच्या आधी कानामागं ठिपका लावून ४८ तास थांबा, हे खोक्यावर छापलेलं असतं, पण उद्या लग्न असताना ४८ तास कोण थांबतंय?

डॉक्टरांना वाटलं असेल, म्हातारी आता तरी ऐकेल. आत्यांनी विचारलं, "मग दुसरं काय लावू?"

तेव्हापासून आमचा दोन पदरी कार्यक्रम चालतो. आधी साधी मेंदी, दोन-तीन तास. ती धुवायची. मग नीळ. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, त्या झाडाच्या पाल्याची पूड. ती भिजवून ठेवायची नाही, कालवली की थोड्या वेळात लावायला घ्यायची, नाहीतर जोर जातो. तिचा वास पावसात भिजलेल्या वैरणीसारखा. लावताना हिरवी, धुतल्यावर केसाला किंचित हिरवट झाक, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत चक्क काळं. ती मधली एक रात्र आत्या कुणाला भेटत नाहीत. दारात कोण आलं तर मी सांगायचं, झोपल्यात.

त्यांच्या डोक्यात बटेबटेनं भांग पाडत बसलं की केसाचं खरं रूप दिसतं. पिकलेला केस राखाडी नसतोच. तो पांढराच असतो, काळ्यांत मिसळलेला लांबून राखाडी दिसतो. मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या थकल्या की केस बिनरंगाचा वर येतो. एवढंच. एक उपटला की सात येतात, ही भीती आम्हाला लहानपणी घालून ठेवलेली. एका मुळातून आपला एकच केस येतो. टेन्शननं पिकतात म्हणावं तर २०२० साली उंदरांवर झालेल्या संशोधनात ते खरं निघालं. ताण दिल्यावर काळ्या उंदरांच्या अंगावर पांढरे केस आले. ते वाचून दाखवलं तर आत्या म्हणाल्या, "उंदराला कसलं आलंय टेन्शान? सासू हाय व्हय त्याला?" आणि मग माझ्याकडं बघून गप्प झाल्या.

बाकी, रंग लावणं म्हणजे खोटेपणा, हे मला कधीच पटलं नाही. आत्यांचं वय कुणापासून लपलंय? पोराला साठी येऊन गेली. त्या कुणाला फसवत नाहीत. त्यांना आरशात जी बाई बघायची आहे ती त्या बघतात. मला रविवारची दुपार मोकळी पाहिजे होती, ती मात्र मिळालेली नाही.

बारसं गडहिंग्लजला, सुनेच्या माहेरी होतं. तिकडची माणसं आम्हाला फारशी ओळखत नाहीत. मांडवात गर्दी, पाळणा सजवलेला, बायका गोल करून उभ्या. त्यांच्यातली एक काकू पुढं येऊन म्हणाली, "मुलाकडच्या थोरल्या बाईंनी बाळाला पाळण्यात घालायचं. या आजी, या," आणि तिनं सरळ माझा हात धरला. मी मागं बघितलं. आत्या खुर्चीत. काळा अंबाडा, त्यात अबोलीचा गजरा, तोंडावर अशी खुशी की विचारू नका. मला आजी म्हटलेलं त्यांना ऐकू कमी येत असूनही स्पष्ट ऐकू आलं होतं.

पण पाळणा समोर. पणतवंड पहिलं. मान सोडवेना आणि वय सांगवेना. क्षणभर त्यांची घालमेल झाली, मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"थांब गं. थोरली मी हाय," त्या काकूला म्हणाल्या. "वयानं न्हवं. मानानं!"

बायका हसल्या. आत्यांनी बाळाला घेतलं, पाळण्याखालून वरून करत त्याला घातलं, पहिली ओटी आपण घेतली. येताना गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. निपाणीपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या,

"भांगात दिसत हुतं काय गं?"

"थोडं."

"मग आधी सांगायचं न्हाईस? ह्या रविवारी मागनं पण नीट लाव. तिकडं हात आखडता घेतीस तू."